उन्हापासून त्वचेचे रक्षण : कापड, मलम आणि सावधगिरी

मे महिन्याच्या मध्यास लातूर व नांदेड जिल्ह्यांत भर दुपारी उभ्या काठीची सावली काही क्षण नाहीशी होते. सूर्य त्या वेळी नेमका डोक्यावर असतो. जुलैच्या अखेरीस तो पुन्हा तसाच डोक्यावर येतो. परंतु तेव्हा आभाळ असते, हवा थंड असते, आणि सोयाबीनच्या खुरपणीत गुंतलेल्या माणसास उन्हाचा विसर पडतो. त्वचेस अपाय करणारे अतिनील किरण डोळ्यांस दिसत नाहीत व त्यांची ऊबही जाणवत नाही. पातळ ढगांतून त्यांचा बराच भाग खाली पोहोचतो. म्हणून त्वचेच्या रक्षणाचा विचार केवळ उन्हाळ्यापुरता करून चालत नाही.

हे किरण केव्हा तीव्र असतात हे ओळखण्यास कोणतेही यंत्र लागत नाही. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडली की ते तीव्र आहेत असे समजावे. शक्य तेथे कष्टाची कामे सकाळी व उतरत्या उन्हात घ्यावीत आणि दुपारी बांधावरील झाडाचा आसरा घ्यावा.

कोणास अधिक धोका?

आपल्या सावळ्या त्वचेत मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य भरपूर असते. त्यामुळे गोऱ्या लोकांच्या मानाने आपल्याकडे त्वचेचा कर्करोग कमी आढळतो. तथापि त्वचा करपणे, चेहऱ्यावर वांग वाढणे, डोळ्यांत मांस वाढणे व मोतीबिंदू यांस ऊन साहाय्यभूत होते. कोड असलेल्या व्यक्तींचे डाग आणि जन्मतः रंगद्रव्य नसलेल्या मुलांची त्वचा लवकर भाजते. काही औषधांनीही, उदाहरणार्थ डॉक्सिसायक्लिनने, त्वचेस ऊन सोसत नाही. अशांनी विशेष काळजी घ्यावी. चेहऱ्यास लिंबाचा रस चोळून उन्हात जाणे हे तर फोडांस आमंत्रणच होय.

पहिले रक्षण कापडाचे

शेतात काम करणाऱ्यास कापडासारखे स्वस्त व भरवशाचे दुसरे साधन नाही. आपल्या स्त्रिया लुगड्यावर पुरुषी लांब बाह्यांचा सदरा घालतात, पुरुष डोईस पटका अथवा उपरणे गुंडाळतात. ही वहिवाट शास्त्रास धरूनच आहे. कापड उजेडासमोर धरून पाहावे. त्यातून जितका प्रकाश आरपार दिसेल, तितके ते रक्षणास कमी. विरळ पांढरे सुती कापड घामाने भिजले म्हणजे त्याचा उपयोग आणखी घटतो. घट्ट विणीचे, सैल शिवलेले कापड उत्तम. नांदेडची खादी राष्ट्रध्वजासाठी प्रसिद्धच आहे. तशी दाट वीण अंगावरच्या कपड्यासही हितकारक ठरते. टोपीची कड कान व मान झाकेल इतकी रुंद असावी.

मलम केव्हा व कोणते?

जेथे कापड पोहोचत नाही तेथे सूर्यरोधक मलम, म्हणजे सनस्क्रीन, वापरता येते. परंतु त्याचा हिशेब समजून घ्यावा. चेहरा, मान व दोन्ही हात यांस एका वेळी सुमारे दीड ते दोन चहाचे चमचे मलम लागते, आणि घामामुळे दर दोन तासांनी ते पुन्हा लावावे लागते. दिवसातून तीनदा लावल्यास ५० ग्रॅमची नळी जेमतेम दोन दिवस पुरेल. सबब अंग कापडाने झाकावे आणि मलम चेहरा व हातांचे पंजे यांपुरते ठेवावे, हेच किफायतशीर.

डब्यावर ‘एसपीएफ’ हा आकडा असतो. १५ आकड्याचे मलम त्वचा भाजणाऱ्या किरणांपैकी सुमारे ९३ टक्के, ३० चे ९७ टक्के, तर ५० चे ९८ टक्के किरण अडवते. ३० पुरेसे आहे. त्यापुढे किंमत वाढते तसा लाभ वाढत नाही.

घटकांविषयी अनेकांस शंका असते. झिंक ऑक्साइड व टायटॅनियम डायऑक्साइड ही खनिजे त्वचेच्या पृष्ठभागावरच राहतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ साली हे दोन घटक सुरक्षित मानण्याचा प्रस्ताव मांडला. ऑक्सिबेन्झोन, ॲव्होबेन्झोन इत्यादी रासायनिक घटक अल्प प्रमाणात रक्तात उतरतात, असे २०१९ व २०२० च्या प्रयोगांत दिसून आले. रक्तात उतरणे म्हणजे अपाय होणे नव्हे. मात्र याविषयी अधिक माहिती मागविण्यात आली. म्हणून गर्भवती स्त्रिया व लहान मुले यांच्यासाठी झिंक ऑक्साइडचे मलम निवडावे. सहा महिन्यांच्या आतील बालकास मलम न लावता सावलीतच ठेवावे.

खरा धोका कोठे आहे?

उन्हाने रंग काळवंडला म्हणून गोरेपणाचे मलम घेण्याकडे तरुणींचा ओढा असतो. खरा धोका येथेच आहे. २०२३ साली अकोला येथील एकाच कुटुंबातील तीन स्त्रियांना मूत्रपिंडाचा विकार जडल्याचे उघडकीस आले. त्या वापरीत असलेल्या गोरेपणाच्या मलमात पाऱ्याचे प्रमाण फार मोठे आढळले. पारा मेलॅनिन तयार होण्यास अडथळा करतो, त्यामुळे रंग उजळल्यासारखा वाटतो. परंतु तो त्वचेवाटे शरीरात शिरून मूत्रपिंडास इजा करतो. मेलॅनिन हे तर आपले नैसर्गिक छत्र. ते घालवून उन्हात जाणे म्हणजे दुहेरी नुकसान. भारताच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार अशा मलमांत पारा घालण्यास मनाई आहे. नकळत आलेला पाराही दहा लक्ष भागांत एका भागाहून अधिक असता कामा नये.

बीटामेथासोन, क्लोबेटासोल यांसारखी स्टिरॉइड मलमेही गोरेपणासाठी लावली जातात. त्यांनी कातडी पातळ होऊन ऊन अधिकच झोंबते. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून घेऊ नयेत.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

आशा स्वयंसेविका व कृषी कार्यकर्त्यांनी ग्रामसभेत व बचत गटांच्या बैठकीत पुढील गोष्टी समजावून द्याव्यात. मलमाच्या वेष्टनावर उत्पादकाचे नाव व पत्ता, परवाना क्रमांक, घटकांची यादी आणि वापराची मुदत पाहावी. यांपैकी काही नसल्यास ते मलम घेऊ नये. सुट्या डबीतील, घरगुती म्हणून विकले जाणारे व आठवड्यात गोरे करण्याचे वचन देणारे मलम टाळावे. असे मलम लावणाऱ्या व्यक्तीच्या पायांस सूज आली अथवा लघवीस फेस येऊ लागला, तर मलम तत्काळ बंद करून त्या डबीसह तिला सरकारी दवाखान्यात न्यावे. वेळीच ओळख पटल्यास बहुधा पुढील हानी टळते.