दाढ तोंडात, हवा छातीत

दाढ काढून घरी आलेल्या माणसाचा गाल तासाभरात डोळ्यापर्यंत फुगला, की घरचे म्हणतात, 'औषधाची रिॲक्शन आली.' डॉक्टरही कधीकधी इथेच फसतात. पण सुजेवर बोटं दाबली आणि कातडीखाली कुरमुरे चिरडल्यासारखी कुरकुर लागली, तर आत हवा आहे. ॲलर्जीची सूज वाजत नाही.

ही हवा बहुतेकदा यंत्रातून येते. अक्कलदाढ आडवी अडकली की हिरडी उघडून दाढ कापावी लागते. दात कोरायचा एअरोटर दाबाच्या हवेवर मिनिटाला तीनेक लाख फेरे घेतो आणि थोडी हवा पुढेच सोडतो. ती उघड्या हिरडीखाली शिरली तर अडवणारं फारसं कोणी नसतं. खालच्या अक्कलदाढेची मुळं जिभेखालच्या सैल जागेला लागून; ती जागा घशामागच्या पोकळीला जोडलेली; आणि तिथून रस्ता थेट छातीत, दोन फुफ्फुसांच्या मधे, हृदयाशेजारी. म्हणूनच दाढेचा पेशंट छातीत दुखतंय, गिळताना टोचतंय, आवाज बदललाय असं सांगत येतो.

यंत्राशिवायही हे घडतं. १९०० साली टर्नबुल नावाच्या डॉक्टरांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एका वादकाची हकिगत छापली. दात काढल्यावर लगेच त्याने बिगूल फुंकला होता. अशा दुखण्याची ही पहिली नोंद मानतात.

चंद्रपूर-गडचिरोलीत बिगूल नसेल, पण लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट-ट्रम्पेट फुंकणारे आहेत. दात काढायला बसण्याआधी त्यांनी आपला धंदा डॉक्टरांना सांगावा. फुगा फुगवणं, जोरात नाक शिंकरणं हेही काही दिवस बंद. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याचं तर काय सांगावं! दातांची वाट तोच लावतो आणि दाढ काढल्यावर पहिली आठवण त्याचीच येते. तो आणि त्याच्या पिचकाऱ्या जखम भरू देत नाहीत.

उपचार मात्र साधे. एक्स-रे किंवा सीटी स्कॅनमध्ये हवा कुठवर गेली ते कळतं. विश्रांती, लागला तर ऑक्सिजन, आणि हवेबरोबर तोंडातले जंतूही आत गेलेले असतात म्हणून अँटिबायोटिक. बहुतेकांची हवा आठ-दहा दिवसांत आपोआप जिरते. दम लागला तर मात्र मोठं रुग्णालय गाठायलाच हवं.

गडचिरोलीतल्या भामरागडकडून आलेल्यांसाठी हे 'गाठणं' सोपं नाही. पावसाळ्यात पर्लकोटा नदी पुलावर चढली की रस्ताच तुटत आलाय. ही सूज बहुधा काम चालू असताना किंवा पुढच्या काही तासांतच दिसते. त्यामुळे अक्कलदाढ कापून काढली असेल, तर ती रात्र शहरातल्या पाहुण्यांकडे काढून सकाळची एसटी धरलेली बरी.