वजनाची नोंद आणि संगणकाची रोजकीर्द



काट्यावर भरली ट्रॉली, मग रिकामी ट्रॉली तोलली की पावती तुमच्या हाती येते आणि नोंद संगणकात जाते. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचे, उशिराला सालीना 15 टक्के व्याज. हे दिवस त्या नोंदीवरूनच मोजायचे, म्हणून ती जपायची कशी ते सभासदांना ठाऊक हवे.

संगणक आपल्या दिवाणजीसारखाच. आधी रोजकीर्द लिहितो, मग खतावणी. या रोजकीर्दीला ‘लॉग’ म्हणतात. समजा, रात्री दोनला खतावणीची पूर्ण प्रत घेतली आणि सकाळी अकराला डिस्क जळाली. मग रात्रीची प्रत मांडायची आणि तिच्यावर पुढचा लॉग ओळीने चढवायचा. सकाळच्या ट्रॉल्या परत जमेस येतात. मात्र लॉगची एक जरी फाइल मधून गहाळ झाली तर काम तिथंच अडतं. पुढच्या फायली शाबूत असून उपयोग नाही.

मेख अशी, की जुन्या लॉग फायलींवर संगणक स्वतःच नवं लिहितो. त्याआधी त्या दुसऱ्या यंत्रावर नेऊन ठेवाव्या लागतात. फाइल भरायची वाट न बघता दर पाच मिनिटांनी नेण्याची सोय करता येते. नेताना त्याच नावाच्या फाइलवर लिहू नये, आणि पुरती उतरल्याशिवाय ‘पोचली’ म्हणू नये. ‘नाही पोचली’ म्हटलं तर संगणक ती धरून ठेवतो. त्यानं डिस्क भरत जाते, आणि मग कोणीतरी हातानं फायली पुसतो! असं कदापि करू नये. डेटाबेस पुन्हा उघडेलच याची खात्री राहत नाही.

मोठ्यांचीही फजिती होते. 31 जानेवारी 2017 ला गिटलॅब या परदेशी संगणक कंपनीत जोडयंत्राला पोचण्याआधीच लॉग नाहीसा झाला. तो साठवण्याची व्यवस्थाच नव्हती. दुरुस्तीच्या गडबडीत चालू डेटाबेस पुसला गेला. रोजच्या प्रती बघाव्या तर जागा रिकामी! सहा तास आधीच्या एका प्रतीवर भागवावं लागलं, मधल्या नोंदी गेल्या त्या गेल्याच.

एक प्रत संभाजीनगर शहरात ठेवावी. 2006 ला गोदावरीचा पूर पैठणकरांनी पाहिलाय. एकाच इमारतीतल्या दोन प्रती पाण्याला एकच. आणि गळीत सुरू होण्याआधी या प्रतींवरून सगळा हिशेब वेगळ्या संगणकावर उभा करून पावत्यांशी ताडून बघावा. वार्षिक सभेत तेवढं विचारा : अशी चाचणी शेवटची कोणत्या तारखेला झाली?