नाशिकच्या स्लॅबमध्ये मीठ कुठून?

नाशिकच्या एका वाचकांनी विचारलंय, ‘समुद्र एवढा लांब, तरी आमच्या पार्किंगच्या स्लॅबचे पोपडे पडून गंजक्या सळया का दिसतात?’

पहिला संशय हवेतल्या कार्बन डायऑक्साइडवर घ्यावा. तो काँक्रीटचा अल्कधर्मीपणा मारत आत शिरतो आणि कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, पातळ असेल तर सळईपर्यंत लवकर पोचतो. दुसरा संशयित क्लोराइड. हा जास्त बेरकी.

चांगल्या काँक्रीटचा पीएच १२.५च्या वर असतो. त्यात सळईवर ऑक्साइडचा जेमतेम काही नॅनोमीटरचा पापुद्रा धरतो आणि गंज थांबतो. लोखंडाच्या या ‘निष्क्रियते’चं श्रेय पुस्तकं शोनबाइन आणि फॅरडे या शास्त्रज्ञांच्या १८३६ सालच्या कामाला देतात. पण नायट्रिक आम्लात लोखंड असं सुस्तावतं, हे जेम्स कीर या स्कॉटिश कारखानदाराने १७९० मध्येच नोंदवलं होतं. नाव शोनबाइनने दिलं, निरीक्षण कीरचं. बिचाऱ्याला तळटीपही मिळत नाही.

क्लोराइड हा पापुद्रा एखाद्या ठिकाणी फोडतो. तिथल्या खळग्यात लोखंडाशी जुळतो, पाण्याशी अभिक्रिया होऊन आम्ल तयार होतं आणि क्लोराइड पुन्हा मोकळा. लासलगावच्या अडत्यासारखा! सौदा जुळवायचा, माल दुसऱ्याचा, आपण पुढच्या गिऱ्हाइकाकडे. हा तर अडतही घेत नाही. गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा मागतो, म्हणून काँक्रीट फुटतं. ५ जुलै १९८६ रोजी पणजीचा मांडवी पूल कोसळला, तो ताणलेल्या पोलादी केबल अशाच गंजल्यामुळे.

गोव्यात मीठ खाऱ्या हवेतून येतं. नाशिकात ते आपणच कालवू शकतो: बोअरच्या खारट पाण्यातून, किंवा काँक्रीट लवकर आवळावं म्हणून घातलेल्या कॅल्शियम क्लोराइडमधून. आयएस ४५६ या भारतीय मानकानुसार सळईच्या काँक्रीटसाठी पाण्यात लिटरला ५०० मिलिग्रॅम आणि काँक्रीटमध्ये घनमीटरला ०.६ किलो, एवढंच क्लोराइड चालतं. टँकर आला की हे कोण मोजतं?

पोपडे काढून वर गिलावा करणारे आणि ‘गंजरोधक’ रंगाची दहा वर्षांची हमी देणारे, दोघांपासून सावध राहा. मीठ मुरलेल्या स्लॅबला ठिगळ लावलं, तर ठिगळातली सळई कॅथोड होते, म्हणजे स्वतः वाचते, आणि शेजारची अधिक जोमाने गंजू लागते. आधी सळईजवळच्या काँक्रीटची पूड काढून क्लोराइड तपासून घ्या, कोटेशन त्यानंतर मागवा. आणि नवा स्लॅब टाकणार असाल, तर सिमेंटच्या ब्रँडवर वाद घालण्याआधी पाण्याचा अहवाल मागा.