अ मेड इन बेडलॅम

'अ मेड इन बेडलॅम' हा ब्रिटिश गिटारवादक जॉन रेनबोर्न (१९४४–२०१५) यांच्या 'जॉन रेनबोर्न ग्रुप' या वाद्यवृंदाचा १९७७ साली प्रकाशित झालेला अल्बम आहे. इंग्रजी लोकगीतांना दिलेली तबल्याची साथ हे त्याचे वैशिष्ट्य होय. ही साथ लंडनस्थित तबलावादक केशव साठे यांनी केली आहे.

पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या मध्यास ब्रिटनमध्ये लोकसंगीताच्या पुनरुज्जीवनाची चळवळ जोमात आली. तिच्यातून पुढे आलेल्या 'पेंटँगल' या वाद्यवृंदात रेनबोर्न आणि बर्ट जान्श हे दोन गिटारवादक होते. त्यांचा 'बास्केट ऑफ लाइट' (१९६९) हा अल्बम ब्रिटनच्या विक्री-क्रमवारीत पाचव्या स्थानापर्यंत पोहोचला. १९७३ मध्ये पेंटँगल विसर्जित झाला. त्यानंतर रेनबोर्न यांनी नवा वाद्यवृंद उभारला. पेंटँगलच्या लोकप्रियतेपुढे या वाद्यवृंदाच्या ध्वनिमुद्रिका काहीशा झाकोळल्या गेल्या.

कलावंत

पेंटँगलमधील गायिका जॅकी मॅक्शी याही अल्बमात गातात. टोनी रॉबर्ट्स यांनी बासरी व इतर सुषिर वाद्ये, तर अमेरिकेच्या स्यू ड्राहाइम यांनी व्हायोलिन वाजवले आहे. केशव साठे यांना अशा संगमाचा अनुभव आधीपासून होता. जो हॅरियट आणि कोलकात्यात जन्मलेले संगीतकार जॉन मेयर यांच्या 'इंडो-जॅझ सूट' (१९६६) या अल्बमात त्यांचा तबला आहे.

आशय

'बेडलॅम' हे लंडनमधील बेथलेम या जुन्या मनोरुग्णालयाचे लोकांच्या तोंडी रुळलेले नाव. 'मेड इन बेडलॅम' म्हणजे तेथील तरुणी. 'जॉन बार्लीकॉर्न' या गीतात बार्लीचे धान्य हेच नायक असून त्याची कापणी, दळण आणि मद्यात होणारे रूपांतर माणसाच्या छळकथेसारखे सांगितले जाते. याशिवाय 'रेनार्डिन' व 'ब्लॅक वॉटरसाइड' ही गीते आणि जुन्या युरोपीय नृत्यधुनाही अल्बमात आहेत.

तबल्याचे कार्य

पेंटँगलमध्ये तालाची बाजू टेरी कॉक्स ड्रमवर सांभाळत. येथे ती जागा तबल्याने घेतली. ड्रमच्या मोठ्या आवाजात बोटांनी छेडलेल्या गिटारचे बारकावे हरवण्याचा धोका असतो. तबला बोटांनी आणि तळव्याने वाजत असल्याने त्याचा नाद मृदू ठेवता येतो. शिवाय दायाँ विशिष्ट स्वरात मिळवता येतो आणि डग्ग्यावर मनगटाच्या दाबाने नाद चढवता-उतरवता येतो. त्यामुळे तबला लय धरतो आणि सुरावटीशीही नाते जोडतो.

महत्त्व

भारतीय वाद्य येथे केवळ परदेशी रंग भरण्यासाठी आलेले नाही. संपूर्ण वाद्यवृंदाचा ताल ते सांभाळते. ब्रिटिश लोकसंगीताच्या या पर्वात एका भारतीय तबलावादकाचा वाटा किती होता, हे या अल्बमावरून समजते.