दारूचं कायदेशीर वय वाढवलं, तर ढोसणं कमी होतं का?

कायद्याने माणूस सुधारतो का, या प्रश्नावर आपण मागच्या व्याख्यानांत तात्त्विक अंगाने बोललो. आज तोच प्रश्न एका ठोस उदाहरणावर घासून पाहू. दारू पिण्याचं कायदेशीर वय वाढवलं, तर तरुणांचं बेफाम पिणं कमी होतं का?

आधी शब्द नक्की करू. दारू पिणं आणि दारू ढोसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इंग्रजीत ज्याला ‘बिंज ड्रिंकिंग’ म्हणतात, त्यासाठी आपल्याकडे ‘ढोसणं’ हा अगदी चपखल शब्द आहे. अमेरिकेत त्याचं माप ठरलेलं आहे : साधारण दोन तासांत पुरुषाने पाच किंवा बाईने चार पेयं घेणं. एक पेय म्हणजे सुमारे १४ ग्रॅम अल्कोहोल. आता आपल्या भाषेत हिशेब करू. आठ टक्क्यांची स्ट्राँग बिअर, मोठी ६५० मिलीची बाटली, म्हणजे जवळजवळ तीन पेयं. व्हिस्कीची एक क्वार्टर म्हणजे चारपेक्षा थोडी जास्त. म्हणजे ‘आम्ही फक्त दोन बिअर घेतल्या हो’ असं म्हणणारा मुलगा शास्त्राच्या हिशेबाने ढोसूनच आलेला असतो. हे त्याला ठाऊक नसतं, आणि बहुतेक वेळा आईबापांनाही नसतं.

हा वाद नवा नाही. प्लेटोच्या ‘लॉज’ या ग्रंथात वयाची उतरंड दिलेली आहे. अठरा वर्षांपर्यंत मद्याला स्पर्श नको, तिशीपर्यंत बेताने घ्यावं पण नशा होऊ देऊ नये, आणि चाळिशीनंतर उत्सवप्रसंगी मोकळीक. गंमत अशी, की त्याच ग्रंथात दुसराही विचार आहे : शुद्धीवर असलेल्या जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली झालेली मद्याची बैठक ही संयमाची परीक्षा आणि तालीम ठरू शकते. आज जे दोन पक्ष भांडतात, एक म्हणतो ‘वय वाढवा’, दुसरा म्हणतो ‘प्यायला शिकवा’, ते दोघेही एकाच पुस्तकात शेजारी बसलेले आहेत.

आता अनुभवाकडे येऊ. याबाबतीत सर्वांत मोठा प्रयोग अमेरिकेत झाला. तिथे १९७१ साली मतदानाचं वय १८ झालं आणि त्या लाटेत अनेक राज्यांनी दारूचं वयही खाली आणलं. तरुणांचे रस्ते-अपघात वाढले. शिवाय शेजारशेजारच्या राज्यांत वेगवेगळं वय, म्हणून मुलं गाडी घेऊन सीमा ओलांडायची, पलीकडे प्यायची आणि त्याच अवस्थेत गाडी चालवत परत यायची. १९८४ साली केंद्राने कायदा केला : जे राज्य वय २१ करणार नाही, त्याच्या महामार्गाच्या निधीला कात्री लागेल. १९८८ पर्यंत सगळी राज्यं २१ वर आली.

परिणाम काय झाला? मिशिगन विद्यापीठ दरवर्षी शाळकरी मुलांची पाहणी करतं. मागच्या दोन आठवड्यांत एकदा तरी पाच पेयं सलग घेतली, असं सांगणारी बारावीतली मुलं १९८० च्या सुमारास ४१ टक्के होती. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ती २८ टक्क्यांच्या आसपास आली. पुढे २०१८ पर्यंत १४ टक्क्यांवर. मात्र इथे घाई करायची नाही. कायदा झाल्यावर तीस वर्षांनीही आकडा उतरतच राहिला, म्हणजे सगळं श्रेय वयाला देता येणार नाही. मुलांचं जगणंच बदललं, पालक सावध झाले. ‘यानंतर झालं, म्हणून यामुळे झालं’ हा तर्कशास्त्रातला जुनाच दोष आहे, तो इथे होऊ देऊ नये.

मग वयाचा स्वतंत्र परिणाम कसा ओळखायचा? कारपेंटर आणि डॉबकिन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी एक साधी युक्ती केली. त्यांनी एकविसाव्या वाढदिवसाच्या जरा आधीची आणि जरा नंतरची मुलं ताडून पाहिली. दोन्हीकडे तीच पिढी, तेच संस्कार, तेच आईबाप. फरक एवढाच, की वाढदिवसानंतर दारू कायद्याने मिळू लागते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार पिणं त्या टप्प्यावर एकदम वाढतं आणि मृत्यूंचं प्रमाणही सुमारे नऊ टक्क्यांनी उडी मारतं. म्हणजे अडसराचा परिणाम होतो. तो काल्पनिक नाही.

आता उलट बाजू. ती खोडसाळ नाही, नीट ऐकण्यासारखी आहे. हार्वर्डच्या अभ्यासकांनी शंभराहून अधिक महाविद्यालयांत पाहणी केली. १९९३ साली ४४ टक्के विद्यार्थी ढोसणारे निघाले. २००१ सालीही ४४ टक्केच. कायदा तोच, तरी महाविद्यालयात आकडा हलला नाही. का? कारण तिथे बाविशीचा मित्र विकत आणून देतो, खोलीचं दार बंद होतं, आणि पुढे कधी मिळेल याची खात्री नाही म्हणून आहे ते आत्ताच संपवलं जातं. २००८ साली अमेरिकेतल्या शंभरावर महाविद्यालयांच्या अध्यक्षांनी जाहीरपणे म्हटलं, की २१ च्या कायद्याचा फेरविचार व्हावा.

मग वय कमी केलं तर मुलं संयम शिकतील का? डेन्मार्कमध्ये पुष्कळ वर्षं सोळाव्या वर्षी दुकानातून बिअर घेता येत असे. पण युरोपातल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांच्या पाहणीत डेन्मार्क वरच्या नंबरावर येतो. महिन्याभरात एकदा तरी ढोसलं, असं निम्म्याहून जास्त मुलं सांगतात. म्हणजे ‘बंदी काढा, आकर्षण आपोआप जाईल’ हेही खरं ठरत नाही.

या सगळ्यातून मला जे दिसतं ते असं : वयाचा कायदा सवय बदलत नाही, दार बदलतो. दार खरोखर बंद असेल तर पिणं कमी होतं. दार नुसतं रंगवलेलं असेल, तर काहीच होत नाही.

आणि इथे महाराष्ट्राकडे यावं लागतं. आपल्याकडे बिअरसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ ही मर्यादा आहे. ग्रामपंचायतीची निवडणूक लढवायलाही २१, आमदारकीलाही २५! कागदावर आपण अमेरिकेपेक्षा कडक. पण बांद्याहून पत्रादेवीचा नाका ओलांडला, की गोव्यात २५ चे १८ होतात. अमेरिकेतल्या राज्यसीमांची गोष्ट इथेही आहेच. आणि नाका ओलांडायचीही गरज कुठे असते? मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. पोलिसांच्या म्हणण्यानुसार मोटार चालवणारा मुलगा त्याआधी मित्रांबरोबर दारू प्यायला होता. त्याचं वय १७. मर्यादा २५ ऐवजी ३० असती, तर ते दोघे वाचले असते का? ओळखपत्र न मागणारा, पेला पुढे करणारा, किल्ली देणारा, हे सगळे सज्ञान होते. पुढे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून ज्यांना अटक झाली, तेही सज्ञानच.

म्हणून वयाच्या कायद्याकडे आपण उलटं बघतो असं मला वाटतं. तो मुलांसाठी केलेला कायदा वाटतो, पण त्याचं पालन करायचं असतं मोठ्यांनी. मिलने ‘ऑन लिबर्टी’मध्ये स्वातंत्र्याचं तत्त्व मांडताना लहान मुलांना त्यातून वगळलं, कारण त्यांची काळजी घेणं ही इतरांची जबाबदारी आहे. जबाबदारी टाळून नुसता आकडा वाढवला, तर मुलं एकच गोष्ट शिकतात : कायदा मोडायचा असतो.

व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं, ‘सर, मग एका वाक्यात, वय वाढवावं की नाही?’

हे बघा, जिथे १८ आहे आणि दुकानदार खरोखर वय तपासतो, तिथे वाढवून उपयोग होईल, माणसं वाचतील. जिथे २५ असूनही कोणी विचारत नाही, तिथे आधी विचारायला सुरुवात करा. आणि घरी मुलाला दोन बाटल्यांचा तो हिशेब सांगा. त्यासाठी विधानसभेची वाट पाहावी लागत नाही.