धुतल्यावर उरतं ते

दह्यातले किंवा कॅप्सूलमधले उपकारक जीवाणू आतड्याच्या पेशींना खरोखर चिकटतात का, हे तपासायचं तर आधी आतड्याचं अस्तर प्रयोगशाळेत वाढवावं लागतं. आम्ही त्यासाठी कॅको-२ पेशी वापरतो. त्या मूळच्या माणसाच्या मोठ्या आतड्यातल्या कर्करोगाच्या, १९७०च्या दशकात अमेरिकेत वेगळ्या केलेल्या. भारतातल्या संशोधकांना त्या पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या संग्रहातून मिळतात. प्लेटच्या वेलचा, म्हणजे छोट्या खळगीचा, तळ भरून पेशी एकमेकींना भिडल्या की त्यांचं रूप पालटतं. लहान आतड्यातल्या पेशींसारखी सूक्ष्म बोटांची दाट झालर वर उगवते, शेजारच्या पेशींमधले सांधे घट्ट होतात. याला सुमारे २१ दिवस लागतात. तोवर ३७ अंशांवर इन्क्युबेटर आणि दर दोन-तीन दिवसांनी ताजं मीडियम, म्हणजे पोषक द्रव.

प्रयोगाच्या आदल्या दिवशी मीडियममधलं अँटिबायोटिक काढून टाकायचं, नाहीतर पाहुणे दारातच मरतील. पाहुणे म्हणजे लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी. शेरवूड गॉर्बाक आणि बॅरी गोल्डिन या शास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात तो निरोगी माणसाच्या आतड्यातून मिळवला. जीजी ही त्यांच्याच आडनावांची आद्याक्षरं. रात्रभर वाढवलेले जीवाणू सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तळाशी बसवते, पीबीएस या खारट द्रावणानं धुते आणि एका मिलिलिटरला साधारण दहा कोटी असं प्रमाण जुळवून वेलमध्ये सोडते. मग दीड तास थांबायचं.

यानंतर धुणं, आणि सगळी मदार त्यावरच. प्लेट किंचित कलती धरून पिपेटचं टोक वेलच्या भिंतीला टेकवायचं आणि पीबीएस हळूच सोडायचं. धार थेट पेशींवर पडली तर अख्खा थर कडेनं सुटून गुंडाळला जातो. हात फारच हलका ठेवला तर नुसते तरंगणारे जीवाणूही चिकटलेल्यांत मोजले जातात. म्हणून प्रत्येक वेलला तेवढंच द्रावण, तितक्याच वेळा, शक्यतो एकाच माणसाच्या हातून. पेशी नसलेली एक वेलही सोबत धुवायची, कारण जीवाणू प्लास्टिकलाही चिकटतात.

उरलेल्यांवर सौम्य डिटर्जंट घातलं की पेशी फुटतात, जाड भिंतीचे जीवाणू तगून राहतात. त्या द्रावणाची दहापट-दहापट विरळणी करून एमआरएस अगार या जीवाणू वाढवण्याच्या थरावर पसरायचं आणि दोन दिवसांनी कॉलन्या मोजायच्या. सोडलेल्यांपैकी किती टक्के उरले, हे त्यातून कळतं.

हा आकडा जीवाणूच्या जातीवरून सांगता येत नाही. फिनलंडमधल्या संशोधकांनी २००९ साली जीजीच्या जनुकसंचाची एलसी७०५ या त्याच जातीच्या दुसऱ्या वाणाशी तुलना केली. जीजीच्या अंगावर प्रथिनांचे बारीक तंतू सापडले आणि त्यांतलं स्पासी हे प्रथिन श्लेष्म्याला, म्हणजे आतड्यातल्या बुळबुळीत स्रावाला, धरून ठेवतं, असं दिसलं. एलसी७०५कडे ते तंतू नाहीत. जीजीमधलं स्पासीचं जनुक निकामी केल्यावर त्याचीही पकड ढिली पडली.

इथे माझ्या प्लेटची मर्यादा उघडी पडते. खरं आतडं श्लेष्म्यानं झाकलेलं असतं, कॅको-२च्या थरावर मात्र तसा लेप नसतो. गोथेनबर्गच्या संशोधकांनी २००८ साली दाखवलं, की उंदराच्या मोठ्या आतड्यात पेशींना लागून असलेल्या श्लेष्म्याच्या आतल्या थरात जीवाणू जवळजवळ नसतातच. म्हणून काही प्रयोगशाळा श्लेष्मा तयार करणाऱ्या एचटी-२९ एमटीएक्स पेशी कॅको-२मध्ये मिसळून वाढवतात.

शिवाय चिकटणं म्हणजे कायमचं वसणं नव्हे. अस्तरातल्या पेशी काही दिवसांत झडून नव्या येतात. जीजी घेणं थांबवलं की बहुतेक प्रौढांच्या विष्ठेतून तो आठवड्या-दोन आठवड्यांत दिसेनासा होतो. २०१८ साली अमेरिकेत जुलाबानं आजारी असलेल्या ९७१ लहान मुलांची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. उत्तम चिकटणारा हाच जीजी त्यांना दिला होता, तरी औषध नसलेल्या पुडीपेक्षा तो सरस ठरला नाही.

म्हणून पाकिटावर ‘आतड्याला चिकटणारे जीवाणू’ असं वाचलं तर तीन गोष्टी विचाराव्यात: कोणता वाण, कोणत्या पृष्ठभागावर तपासला, आणि माणसांत त्यानं कोणत्या आजारात फरक पडला. पहिल्या दोनांची उत्तरं माझ्यासारखी माणसं प्लेट धुऊन देऊ शकतात. तिसऱ्याचं उत्तर रुग्णांवरच्या चाचणीतूनच येतं आणि ते आल्याशिवाय आमच्या टक्केवारीवर कुणी औषध विकू नये.