खिळ्यापेक्षा सांधा बरा

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आजीसाठी एक स्टूल केलं. तिचे गुडघे दुखतात, पाटावर बसून भाजी चिरणं आता जमत नाही. वखारीतून लाकडाचे तुकडे आणले, यूट्यूबवर एक व्हिडिओ बघितला आणि बैठकीच्या फळीतून प्रत्येक पायात चार-चार खिळे ठोकले. सगळ्यांनी कौतुक केलं. मग बेळगावचा पाऊस आला आणि गेला. ऑक्टोबरमध्ये स्टूल करकरू लागलं. एक दिवस आजी बसली आणि मागचा पाय फाकला. हात कट्ट्यावर होता म्हणून ती पडली नाही. ती हसली, मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

गल्लीतल्या सुतारमामांना स्टूल दाखवलं. त्यांनी एक खिळा चक्क बोटांनी ओढून काढला. म्हणाले, "खिळा वाईट नव्हता की. लाकूड कुठल्या बाजूनं उभं आहे, ते तू बघितलंस कुठं?"

तिथून माझं शिक्षण सुरू झालं. लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची घट्ट बांधलेली जुडी. पावसाळ्यात ते हवेतला ओलावा घेऊन फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. पण हा फरक रुंदीत पडतो, लांबीत जवळजवळ नाहीच. पावसाळ्यात दारं चौकटीत अडकतात ती यामुळेच. लोखंडी खिळा काही फुगत नाही. त्यामुळे त्याच्याभोवतीच्या नळ्या दबतात आणि भोक सैल होतं. त्यात मी खिळे पायाच्या टोकात, म्हणजे नळ्यांच्या दिशेनेच ठोकले होते. तिथे खिळा धरत नाही, आणि गोंदही नळ्यांमध्ये शोषला जाऊन कमजोर पडतो.

यावर जुना उपाय म्हणजे सांधा. आडव्या पट्टीच्या टोकाला जीभ काढायची, तिला कुसू म्हणतात. पायात तेवढंच चौकोनी भोक पाडायचं आणि कुसू त्यात बसवायचं. आता वजन खिळ्यावर येत नाही, लाकडावर येतं. शिवाय कुसाच्या बाजू सपाट असल्यामुळे गोंदाला भरपूर जागा मिळते.

त्यासाठी फार हत्यारं लागत नाहीत. बारीक दातांची करवत, अर्ध्या इंचाची पटाशी, लाकडी हातोडी, रंधा, काटकोन बघायला गुण्या, दोन शिकंजे आणि धार लावायचा दगड. यातला दगड सर्वांत महत्त्वाचा. बोथट पटाशीला जोर जास्त लावावा लागतो, मग ती निसटते आणि हात कापतो. दुसरा हात पटाशीच्या पुढे कधीच ठेवायचा नाही. रंधा मारताना रेषा वर चढत जातात त्या दिशेनेच मारायचा. उलटा मारला की लाकडाची सालपटं उचकटतात. हे मी स्वतः करून बघितलंय!

माझ्या नव्या स्टुलाचे पाय दोन इंची आणि पट्ट्या दीड इंच जाडीच्या आहेत. सुतारांच्या मापात एका इंचाचे आठ सूत, म्हणजे पट्टी झाली बारा सूत. कुसाची जाडी पट्टीच्या एक तृतीयांश ठेवतात, म्हणून चार सूत. पटाशीही तेवढीच, हिशेब जुळला. आधी भोक पाडायचं, मग त्या भोकावरून कुसू आखायचं. खूण पेन्सिलीने न करता चाकूने केली तर रेघ बारीक येते. करवत रेघेवर चालवायची नाही, टाकून द्यायच्या बाजूने चालवायची. कुसू जाड राहिलं तर तासता येतं, बारीक झालं तर संपलं. एका पायात दोन बाजूंची भोकं आत एकमेकांना भेटतात, म्हणून कुसांची टोकं तिरकी कापावी लागतात.

गोंद लावण्याआधी सगळं कोरडंच जोडून बघायचं. चौकटीचे दोन्ही कर्ण मोजायचे. ते सारखे आले तर चौकट काटकोनात आहे. मग गोंद लावून शिकंजे आवळायचे आणि रात्रभर हात लावायचा नाही.

शेवटची गोष्ट बैठकीची. फळी चारही बाजूंनी चिकटवली तर फुगायला जागा मिळत नाही आणि ती तडकते. म्हणून पट्ट्यांना खालून लांबट भोकं पाडून त्यातून स्क्रू लावले. फळी हवी तेवढी सरकते, पण निघत नाही.

हे स्टूल मी नाताळच्या सुट्टीत पूर्ण केलं. त्यातली दोन कुसं बारीक झाली, त्या पट्ट्या टाकून नव्याने केल्या. दहा दिवस गेले. आजीला द्यायच्या आधी मी स्वतः त्यावर उभी राहून पाय हलवून बघितले.

यंदाचा पाऊसही होऊन गेला. फळी थोडी फुगली होती, आता पुन्हा जागेवर आलीय. आजी रोज सकाळी त्यावर बसते. मी अजून कान देऊन ऐकते. करकर नाही.